एकोणचाळीस टक्के सावली

पनवेलमध्ये भर दुपारी कुठे किती सावली असते, हे सूर्याखालोखाल कुणाला ठाऊक असेल तर आमच्या तळमजल्यावरच्या काकांना. आपटा गावी पुतणीच्या लग्नाला गेले आणि परत आल्यावर नवरा मुलगा कसा आहे ते सांगायचं सोडून म्हणाले, "आंब्यांखाली मांडव. सत्तर टक्के!" तळोज्याला कुणाच्या सांत्वनाला गेले, तर हळहळत परतले, "चार टक्के. बिचारे." बिचारे कोण, गेलेले की राहिलेले, हे मी विचारलं नाही. मी सहसा काही विचारत नाही. म्हणूनच बहुधा त्यांनी मला मदतनीस नेमलं.

दर रविवारी ऐन दुपारी काका सोसायटीच्या आवारात उतरत. हातात खडू, काखेत मिटलेली छत्री. ती उघडायची नाही, कारण तिची सावली मोजणीत घुसते. प्रत्येक झाडाच्या सावलीभोवती रेघ मारायची, आतले पेव्हर ब्लॉक मोजायचे, अर्ध्यावर ऊन असेल तर अर्धाच धरायचा. मध्ये सेक्रेटरींची काळी गाडी आली तर रेघ गाडीवरून जाई. फाटकाजवळच्या बदामाखाली भाजी घेऊन बसणारी मावशी पाय उचलून वाट देई. "काका, सगली सावली नेव नका, आमाला थोरी ठेवा!"

"तुझे तीन ब्लॉक शाबूत आहेत," काका गंभीरपणे सांगत.

तोच बदाम दोन गाड्यांच्या पार्किंगसाठी तोडायचं ठरत होतं. त्यावर काकांनी तोड काढली: पंधरा वर्षांत आवाराचा अमुक टक्के भाग झाडांच्या सावलीत आणायचा, असं ध्येय सोसायटीनेच मंजूर करायचं. फार मागितलं तर लोक बिचकतील, म्हणून बेतानेच आकडा सांगितला, "एकोणतीस." मी टाइप केलं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. वीसच्या पुढे मराठी आकड्यांत मला धुकं दिसतं.

सभेत सगळ्यांचं लक्ष बटाटेवड्यांकडे. ध्येय न वाचताच एकमताने मंजूर झालं. मग सेक्रेटरी हसत उठले. "काका, तुमच्याच पद्धतीने मोजलं मी. बदाम गेला तरी इमारतीमागे लावलेली रोपं मोठी झाली की एकोणतीस टक्के आरामात भरतात."

काकांना त्यांच्याच आकड्याने धरलं होतं. मी कागदाकडे पाहिलं आणि माझे कान तापले. सभेत मी आजवर कधी बोलले नव्हते.

"कागदावर थर्टी-नाइन आहे," मी म्हणाले.

"म्हणजे टायपिंगची चूक."

"चूक माझी. एकोणतीस म्हणजे तीस आणि नऊ, असं वाटलं मला. पण मंजूर थर्टी-नाइन झालंय."

सगळे खो खो हसले. सगळ्यात जास्त हसले ते ज्यांची मुलं माझ्याच शाळेत होती ते. "आमच्याकडेही हेच चालतं हो!" कुणीतरी ओरडलं. सेक्रेटरींनी काकांकडे पाहिलं. काकांनी आयुष्यात अर्ध्या ब्लॉकला पूर्ण म्हटलं नव्हतं.

"मी एकोणतीसच म्हणालो होतो," ते शांतपणे बोलले. "पण मंजूर होतं ते कागदावरचं."

बदामाशिवाय एकोणचाळीस काही भरत नव्हते. त्या हसण्यात सेक्रेटरीही सामील झाले आणि बदाम वाचला.

आता काकांचे गुडघे वाकत नाहीत. ते मावशीशेजारी स्टुलावर बसतात आणि खडू घेऊन मी सरकते. मागची रोपं अजून दीड-दीड ब्लॉकची आहेत.

"किती झाले गं?"

"एकोणतीस टक्के, काका."

"कुठले? माझे की तुझे?"

"तुमचे."

"मग दहा राहिले," ते वर पानांकडे बघत म्हणतात. "होतील सावकाश."

स्टुलासकट काका बदामाखाली चार ब्लॉक व्यापतात. ते मी वहीत वेगळे लिहून ठेवते.