तेरा गड्यांचा सामना

ब्राउनश्वाइगला आम्ही एका विधवा बाईंच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचो. माझे यजमान तिथल्या तांत्रिक विद्यापीठात डॉक्टरेट करत होते. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि मी नुकतीच पुण्याहून आले होते.

घरमालकीणबाईंची लेक त्याच गल्लीत राहायची. तिचा नवरा इंग्रज. लढाईनंतर फौजेबरोबर आला, इथलीच मुलगी केली आणि एका गॅरेजात मोटारी दुरुस्त करत इथेच राहिला. दर रविवारी दोघं कॉफीला यायची. सासूबाई त्याला 'झी' म्हणायच्या, म्हणजे आपलं 'तुम्ही'. मला वाटलं, किती रीतीची बाई आहे, जावयाला अहोजाहो करते! पुढे कळलं, घरच्या माणसाला इकडे 'डू' म्हणतात, म्हणजे 'तू'. ज्या देशाच्या विमानांनी बाईंचं गाव जाळलं, त्या देशाचा हा माणूस. लग्नाला दहा वर्षं झाली तरी तो 'तुम्ही'च राहिला होता.

एका रविवारी त्यानं ह्यांना विचारलं, "तुमच्या देशात काय खेळतात?"

"हुतूतू," हे म्हणाले. आता हुतूतू जर्मनमध्ये कसं सांगायचं? शेवटी दोघं मागच्या बागेत गेले. "या, माझ्या अंगावर या," ह्यांनी सांगितलं. तो माणूस बैलासारखा रुंद, वय चाळिशी उलटलेलं. तो धावून आला आणि दुसऱ्या क्षणी कोबीच्या वाफ्यात उताणा पडला. हे त्याचे दोन्ही घोटे कवटाळून बसले होते. खिडकीतून बाई कोबीच्या नावानं ओरडत होत्या आणि हा पडल्या पडल्या हसत होता.

"मंगळवारी मैदानावर या," तो म्हणाला. "पळायला मी शिकवीन. असं धरायला मला कुणालाच शिकवता आलेलं नाही."

तो गावातल्या रग्बी क्लबचा शिक्षक होता. तरुणपणी उत्तर इंग्लंडमध्ये एका धंदेवाईक क्लबात खेळलेला. आठवडाभर कोळशाच्या खाणीत काम आणि शनिवारी हजारो लोकांसमोर सामना. पण तो रग्बीचा वेगळाच प्रकार, तेरा गड्यांचा. आमच्या गावातला क्लब हौशी आणि पंधरा गड्यांचा. पंधरावाल्यांचा कायदा असा, की तेरांच्या खेळात ज्यानं एकदा पगार घेतला, तो जन्माचा बाद. खरं तर शिकवायचीही बंदीच होती, पण तिकडे कुणी लक्ष देत नव्हतं. सामन्याच्या दिवशी मात्र तो रेषेबाहेर कोटाच्या खिशात हात घालून उभा राही. खेळ रंगला की खिशातल्या मुठी हलताना मला दिसायच्या.

सप्टेंबरात सीझन सुरू झाला. पहिल्या सामन्याला मी साडी, दोन जोड लोकरी मोजे आणि ह्यांचा जुना ओव्हरकोट अशी गेले. चिखलात सात-आठ माणसं एकावर एक पडली होती आणि सगळ्यात खालचे पाय आमच्या घरचे होते. मी किंचाळले, "अहो! सोडा त्याला! अहो, मान सांभाळा!"

जर्मन खलाशी एकमेकांना 'आहोय' म्हणून हाक मारतात. लोकांना वाटलं, भारतातून आलेली ही बाई खलाशांसारखी ओरडते आहे. पुढच्या सामन्यापासून मैदानावरची सगळी तीस-चाळीस माणसं ह्यांच्याकडे बघून 'आहोय!' म्हणू लागली.

पकड ह्यांची पक्की. चेंडू हातात आला की मात्र तापलेलं भांडं उचलल्यासारखा चेहरा व्हायचा आणि दिसेल त्याला तो देऊन टाकायचे. पण हरायला ते एकटे कारण नव्हते. आम्ही दर सामना हरलो. मध्यंतरात संत्र्याच्या फोडी असायच्या. थंडी वाढल्यावर मी रव्याचे लाडू करून न्यायला लागले. त्यानंतर निदान मध्यंतरापुरता तरी आमचा संघ खुशीत दिसायचा.

चिखलानं भरलेली जर्सी मी तळघरातल्या धुण्याच्या खोलीत न्यायचे. "सगळं शेत घरात आणता," घरमालकीणबाई करवादायच्या. दोनदा माझं धुणं बघितल्यावर मात्र, "तुम्हाला उकळता येत नाही," म्हणून जर्सी त्यांनी आपल्याच हंड्यात टाकली. सामना बघायला चला म्हटलं तर, "मी कशाला?" एवढंच.

मे महिन्यातला शेवटचा सामना जवळच्या छावणीतल्या इंग्रज सैनिकांशी होता. नेमकं त्या दिवशी आमच्यातल्या एकाचं लग्न, एकाचा हात प्लास्टरमध्ये, एकाची परीक्षा. बाराच जण आले. सामना रद्द करावा म्हणून शिक्षक सैनिकांच्या कप्तानाकडे गेला. हा कप्तान त्याच्याच भागातला निघाला. नाव ऐकल्यावर त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही ते? माझे वडील मला खांद्यावर बसवून तुमचा खेळ दाखवायला न्यायचे!" मग आपल्या पोरांकडे वळून म्हणाला, "दोघं बाहेर बसा. आज तेरा-तेरा खेळू. त्या खेळात तेरावे म्हणून ह्या गृहस्थांना उतरायला कोण बंदी करणार?"

शिक्षकानं आपल्या पायांकडे बघितलं. मग म्हणाला, "माझे बूट नाहीत."

त्याची बायको माझ्या शेजारी होती. "आहेत," ती म्हणाली. "दरवर्षी तेल लावून ठेवतो." आणि सायकलवर टांग मारून गेली. परत आली ती बूट आणि आईला घेऊन. आई डोक्याला हॅट घालून मागच्या कॅरिअरवर बसली होती. "माझ्या धुण्याचं हे लोक काय करतात ते बघायला आले," बाई मला म्हणाल्या.

तेरांच्या खेळात धरलेल्या गड्याला सोडतात. तो उठतो, चेंडू टाचेनं मागे ढकलतो आणि खेळ पुढे चालू. ढीग नाहीत, गुदमरणं नाही. धरा, सोडा, पुन्हा धरा. म्हणजे जवळजवळ हुतूतूच! ह्यांनी त्या दिवशी सैनिकांना पळता भुई थोडी केली. शिक्षक पहिल्या अर्ध्यात धापा टाकत होता. दुसऱ्या अर्ध्यात त्यानं पळणं कमी केलं आणि हातानं नुसता इशारा करू लागला, तर सगळी मुलं त्याच्या इशाऱ्यावर वळायला लागली.

अगदी शेवटी त्यानं दोन सैनिकांना अंगावर घेतलं आणि न बघता चेंडू मागे सोडला. तो थेट ह्यांच्या पोटात बसला. घाबरायलाही वेळ नव्हता. हे पळत सुटले आणि रेषेपलीकडे चेंडूसकट पडले. नंतर सांगत होते, सबंध वाट एका दमात हुतूतूच म्हणत होतो.

तरीही आम्ही तीन गुणांनी हरलो. कुणाला काही वाटलं नाही. शिक्षक गवतावर बसला होता, भुवई फुटून रक्त वाहत होतं. बाई उठल्या. रविवारचे बूट चिखलात रुतवत सरळ मैदान ओलांडून गेल्या आणि रुमाल काढून त्याच्या कपाळावर दाबला.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "तुला रक्त येतंय."

डू. माझ्या शेजारी त्यांच्या लेकीनं माझा दंड घट्ट धरला. तो वर बघून एवढंच म्हणाला, "हो, आई." बाईंनी रुमाल उलटा केला आणि पुन्हा दाबला.

त्या सामन्यात ह्यांचं बोट मुरगळलं. प्रयोगाचे बारीक स्क्रू फिरवता येईनात, तेव्हा प्राध्यापकांनी खेळ बंद करायला लावला. मला हायसं वाटलं. पण ऑगस्टात शिक्षक झेंडा घेऊन दारात हजर. "तुमचा आवाज मैदानभर पोचतो आणि नजर चांगली आहे," तो मला म्हणाला. "रेषेवर उभ्या राहाल? कुणी बाहेर गेलं की झेंडा वर करायचा."

घरमालकीणबाईंच्या टेबलावर कप आणि चमचे मांडून त्यानं मला नियम शिकवले. बाई कप विसळता विसळता त्याच्या चुका काढायच्या. पुढचे दोन सीझन मी पदर खोचून, रबरी बूट घालून रेषेवरून पळाले.

एकदा हानोव्हरचा एक धिप्पाड गडी माझ्याशी वाद घालू लागला, आपला पाय रेषेबाहेर गेलाच नाही म्हणून. मी झेंडा चिखलात रोवला. "पाय इथे पडला," मी जर्मनमध्ये म्हणाले, "गेनाऊ, अगदी इथेच." त्यानं खाली बघितलं. तिथे त्याच्याच बुटाचा ठसा होता. तो हसला, चेंडू माझ्या हातात दिला आणि आपल्या जागेवर गेला.