ती हळद नव्हती

डिचोलीच्या ज्या कारखान्यात मी काम करतो, तिथं बी-टू जीवनसत्त्वाची पूड पिठात आणि कस्टर्ड पावडरीत मिसळतात. पोषण तिचंच आणि पिवळा रंगही तिचाच. चिकटपणात मात्र ती लांबच्या पाहुण्यालाही मागे टाकते. हातमोजे, मास्क, सगळं चढवलं तरी मनगटावर, नखांच्या कडेला, कानामागे मुक्काम ठोकतेच.

अशा अवतारात मी मुलगी बघायला गेलो. सुट्टी मिळाली नव्हती. शिफ्ट सुटली तसा कोल्हापूरहून आलेल्या मामाला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट कारापूर गाठलं. मुलीनं पोह्यांची बशी पुढे करताना माझ्याकडे बघून हसू दाबलं आणि मी मनातल्या मनात लग्न ठरवून मोकळा झालो.

बशी घ्यायला हात पुढे केला आणि तिच्या आत्यानं माझं मनगट पाहिलं.

"हाका हळद लागल्या! गांवांत बायल आसतली हाची!"

घाटावरून कामाला आलेल्यांची गावाकडे एक बायको असणारच, हा संशय इथं तयारच असतो. मामा उसळला, "आवं, जीवनसत्त्व हाय ते! कस्टर्डात घालत्यात!" झालं, आगीत तेल. मुलीचे वडील उभेच राहिले. "आमकां असलो जांवय नाका."

मनात भरलेली मुलगी हातची चालली होती, तीही काही न करता. मला भयंकर राग आला, आणि राग काढायला समोर फक्त पोहे.

मुलगी आत निघून गेली. संपलं, म्हटलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली, ती पाण्याचा तांब्या, परात आणि कपड्यांच्या साबणाची वडी घेऊन.

"आत्ये, हळद साबणान तांबडी जाता न्हय?" तिनं विचारलं. मग मला म्हणाली, "हात मुखार करात."

चारचौघांत माझं मनगट धरून तिनं खसाखसा साबण चोळला. सगळ्यांच्या माना परातीवर वाकल्या. फेस पिवळाच राहिला.

"पोहे थंड जाले, खायात," आत्याच म्हणाली. पुढं लग्नात मला पहिली हळदही तिनंच लावली.

लग्नानंतर मी बायकोला विचारलं, एक साबणाची वडी आणायला एवढा वेळ?

"वडी हाताकडेच आशिल्ली. पूण पयलीं नार्व्याच्या देवाक नवस केलो."

"कशाला? हळद नाही, हे मामा सांगत होता ना!"

"फेस तांबडो जातलो म्हूण भियेल्लें," ती म्हणाली. "म्हाका दुसरो कोण नाका आशिल्लो, तुमीच जाय आशिल्ले."