तुसाचं बंद पोतं

कोंडूभाऊंविषयी लिहायचं तर आधी माझी चूक लिहावी लागते, म्हणून इतके दिवस टाळलं.

तिकोणा पेठेच्या वरच्या ठाकरवाडीतले कोंडूभाऊ जन्मभर मध काढत आले. पाण्यावर आलेली माशी कुठं वळली, एवढ्यावरून पोळं हुडकणारा माणूस. मी पवना धरणाच्या काठी बोटाएवढं उडतं यंत्र बनवत होते, म्हणून त्यांना रोजावर मदतीला घेतलं. यंत्राच्या पोटाशी इवलासा कॅमेरा होता. खालची जमीन किती वेगानं मागं सरकते त्यावरून ते आपली उंची ओळखायचं. मधमाशीही तेच करते. हे मी पुस्तकांतून शिकले, कोंडूभाऊ नुसत्या डोळ्यांनी. याचा मला उगाच राग यायचा.

पाहुण्यांना यंत्र दाखवायच्या सकाळी धरणाचं पाणी अगदी निपचित होतं. कोंडूभाऊंनी कामशेतच्या भातगिरणीतून तुसाचं पोतं आणलं होतं.

"ताई, असल्या पाण्यावर माशी बी बुडती. तिला खालचं कायच कळत न्हाई," ते म्हणाले. "पाण्यावर मूठमूठ तूस टाकतो, मंग खालचं दिसंल यंत्राला."

पाहुण्यांसमोर हा कचरा कशाला, म्हणून मी त्यांना झिडकारलं. पोत्याचं तोंडही सोडू दिलं नाही. त्यांनी मुकाट्यानं यंत्र हातात घेऊन काठावर नेऊन ठेवलं.

यंत्र झकास उडालं. पाण्यावर गेल्यावर मात्र त्याला खाली काहीच सरकताना दिसेना. आपण फार उंच आहोत असं समजून ते खाली खाली गेलं आणि बुडालं. पाहुण्यांना घेऊन आलेल्या माझ्या साहेबांना कोंडूभाऊंच्या सदऱ्याला चिकटलेलं तूस दिसलं. याच्या हातचं तूस पंखात अडकलं, असं म्हणून त्यांनी सगळ्यांदेखत त्यांना कामावरून काढलं. कोंडूभाऊंनी आधी आपल्या हातांकडं आणि मग माझ्याकडं पाहिलं. खरं कारण मला त्याच क्षणी कळलं होतं. पण ते सांगितलं असतं तर माझा हट्टही बाहेर आला असता. मी मूग गिळून बसले. त्याची लाज अजून जात नाही.

सात महिन्यांनी साहेबांपुढं सगळं कबूल केलं आणि वाडीवर गेले. यंत्र तुसानं नाही, निपचित पाण्यानं बुडालं, तुमचंच खरं होतं, असं सांगितलं. कामावर परत चला म्हटलं.



"त्याच दिशी सांगायचं व्हतं, ताई," कोंडूभाऊ म्हणाले. "मला वाटलं, आपल्याला माशीतलं कायच कळत न्हाई. मध काढायचं सोडलं, कड्यावरनं पोळ्याला उतरायचा दोर बी दिऊन टाकला मी."