एकाच नावाचे दोन पहारेकरी

मास्तरांचा जीव भांड्यात पडला तो मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर. पण तो मुळात टांगणीला का लागला होता, ते आधी सांगायला हवं.

मास्तरांनी उभ्या जन्मात शाळेत शिकवलेलं नाही. लिफ्टचे कंट्रोल बॉक्स बनवणाऱ्या एका कंपनीत ते तेवीस वर्षं प्रोग्रामर आहेत. दुसऱ्याचं काम लाल पेन्सिल कानावर अडकवल्यासारखं तपासतात आणि चूक दिसली की चारचौघांत दाखवतात, म्हणून हे नाव. स्वभावाने नाकाने कांदे सोलणारे, पण कामाला वाघ. त्यांच्यावर चिडलेली माणसंही हे मान्य करतात.

प्रत्येक बॉक्समध्ये एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात कर्नल, म्हणजे बाकी सगळ्यांना चालवणारा मूळ प्रोग्राम. हा कर्नल तयार करताना हजारो पर्यायांपुढे 'चालू' की 'बंद' ते ठरवावं लागतं. वर्षानुवर्षं जो आला त्याने त्या यादीत भर घातली, काढलं मात्र कोणीच काही नाही. घराच्या माळ्याचं होतं तेच यादीचं झालं. एकच पर्याय दोन-दोन फायलींत लिहिलेला, आणि कर्नल बनताना जो आधी सापडेल तो खरा. हे जुळे निस्तरायचं काम मास्तरांनी आपणहून अंगावर घेतलं. तीन दिवसांत एकोणचाळीस जोड्या निकालात काढल्या. दोन्हीकडे मजकूर अगदी तोच, तेव्हा एक उडवायचा आणि पुढे जायचं. मास्तर चक्क शीळ घालत होते.

चाळिसावी जोडी निघाली वॉचडॉगची. वॉचडॉग म्हणजे पहारेकरी. बॉक्स मध्येच गोठला तर तो त्याला आपोआप पुन्हा सुरू करतो आणि लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते. पहारेकरी झोपला असेल तर लिफ्ट पडत नाही, पण मेकॅनिक येईपर्यंत आतली माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लटकतात. एका फायलीत हा पर्याय चालू होता. दुसऱ्या फायलीत, बॉक्समधल्या नव्या सर्किट बोर्डाच्या, तो बंद होता. आणि नव्या बोर्डासाठी आधी वाचली जायची ती हीच फाईल.

"कुठल्या शहाण्याने हे केलंय?" मास्तर सगळ्या खोलीला ऐकू जाईल असे ओरडले. प्रत्येक ओळ कोणी आणि कधी लिहिली ते दाखवायची सोय असतेच. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीनवर त्यांचं स्वतःचं नाव आलं.

"कोण निघालं?" शेजारच्याने विचारलं.

"आहे एक गाढव," मास्तर म्हणाले आणि पाणी प्यायले.

सगळं आठवलं. नऊ वर्षांपूर्वी नवा बोर्ड आला तेव्हा त्यांनी जुनी फाईल जशीच्या तशी उचलून चिकटवली होती. बोर्डाची जुळवाजुळव करताना पहारेकरी दर पाच मिनिटांनी सगळं बंद करून पुन्हा सुरू करायचा, म्हणून तेवढ्यापुरता त्याला झोपवला होता. काम झालं की उठवू म्हटलं, ते राहिलं ते राहिलंच. त्यानंतर तीनशेबारा बॉक्स बाहेर गेले होते. त्यातले चार, बायको ज्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथल्या लिफ्टमध्ये.

मास्तरांनी तिला फोन लावला. "लिफ्ट नीट चालते ना तुमची?"

"अहो, हे विचारायला फोन केलात? ऑपरेशन झालेला पेशंट घेऊन चौथ्या मजल्यावर निघालेय मी."

"जिन्याने जा."

"पेशंटला स्ट्रेचरसकट? तुम्ही बरे आहात ना?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मास्तर उठले. तीन मजले उतरून ते तळाशी तपासणी विभागात गेले. तिथल्या तपासनीस बाईंना सगळे शंकाबाई म्हणत. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही बॉक्स कंपनीबाहेर पडत नसे.

"बाई, नव्या बोर्डाच्या बॉक्समध्ये वॉचडॉग..."

"चालू आहे."

"नाही हो. यादीत तो बंद आहे. मीच केलाय बंद."

"यादीत बंद आहे. बॉक्समध्ये चालू आहे." बाईंनी कपाटातून जाडजूड रजिस्टर काढलं. "मी प्रत्येक बॉक्स मुद्दाम गोठवते आणि घड्याळ घेऊन समोर बसते. वीस सेकंदांत आपणहून उठला तरच पुढे पाठवते. नव्या बोर्डाचा पहिला बॉक्स उठलाच नाही. तेव्हापासून तो पर्याय मी हाताने चालू करते आणि मगच कर्नल बनवते."

मास्तरांनी एकेक पान उलटलं. तीनशेबारा नोंदी, तीनशेबारा खुणा. हॉस्पिटलचे चारही बॉक्स त्यात सापडले, तेव्हा ते समोरच्या स्टुलावर मटकन बसले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात ते खोटं नाही. खोलीत हवा आहे हे त्यांना आत्ता कळलं. हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते, आणि दोन्ही लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"पण मला का नाही सांगितलंत?" जरा वेळाने त्यांनी विचारलं.

"सांगितलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, 'बघतो'."

बाईंच्या आवाजात राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तो नव्हता.

ते वर गेले. चिकटवलेला सगळा मजकूर उडवला, पहारेकरी एकाच ठिकाणी ठेवला, चालू. बदलासोबत सगळ्यांना जाणारी टीप लिहिली: 'ही चूक नऊ वर्षांपूर्वी मी केली. तपासणीतल्या बाईंनी ती तेव्हाच पकडली होती. मी ऐकलं नाही.' आणि लगेच पाठवून दिली. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग नवा कर्नल घेऊन ते पुन्हा खाली उतरले. "बाई, आता हाताने काही करावं लागणार नाही."

"छान झालं. बसा," म्हणत बाईंनी बॉक्स गोठवला आणि घड्याळ मध्ये ठेवलं. दोघं काट्याकडे बघत बसली. अकराव्या सेकंदाला हिरवा दिवा लागला. बाईंनी तारीख घातली, खूण केली आणि रजिस्टर मास्तरांपुढे सरकवलं.

"इथे प्रोग्रामरची सही लागते," त्या म्हणाल्या. "नऊ वर्षं हा रकाना रिकामाच आहे."

मास्तरांनी सही केली.