वांग्याच्या रोपांना दोन चमचे पाणी

बाळांनो, रविवारी फोनवर तुम्ही मला खिडकीतली टोमॅटोची रोपं दाखवलीत आणि विचारलंत, "आजी, पाणी किती घालायचं?" मी म्हटलं, "कमी." तेवढ्यात तुमची आंघोळीची वेळ झाली आणि फोन बंद झाला. एका शब्दात उत्तर देऊन स्वस्थ बसणं माझ्या स्वभावात नाही, हे तुमचा बाबा सांगेल. शिवाय तुमच्या रोपांखालची बशी पाण्याने भरलेली मला दिसली. म्हणून उरलेलं उत्तर आजच लिहून पाठवते आहे.

गेल्या हिवाळ्यात मीही तलासरीच्या घरात, समोरच्या खोलीतल्या खिडकीपाशी रोपं वाढवली होती. वांग्याची. पण साधी वांगी नव्हेत. तुमच्या पणजीने लग्न होऊन येताना चिखल्याहून, माहेरून, हे बी आणलं होतं. लहान, गोल, हिरवी वांगी, अंगावर पांढरे पट्टे आणि देठाला हात लावू न देणारे काटे. दरवर्षी एक वांगं झाडावरच पिवळं होऊ द्यायचं, बी धुऊन राखेत घोळवायचं आणि ठेवून द्यायचं. पणजी गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. गेल्या हिवाळ्याच्या आदल्या वर्षी मी अंगणात वाफा केला आणि शेजारी राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेच्या कोंबड्यांनी एका दुपारीत तो उकरून खाल्ला.

"कोंबड्यांना काय ठाऊक वहिनी, सासूबाईंचं बी आहे ते," जाऊ म्हणाली.

आता कॅमेऱ्याच्या फिल्मच्या जुन्या डबीत तळाला चिकटलेलं चिमूटभर बी उरलं होतं. ते फुकट गेलं असतं तर ही वांगी संपली असती. बाजारात ती मिळत नाहीत.

माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, त्यामुळे छापील इंग्रजीवर माझा अजूनही चटकन विश्वास बसतो. कपाटात बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की बर्फ वितळेपर्यंत रोपं घरात ठेवावीत. मी घोलवडच्या नर्सरीतून कप्प्यांचे दोन ट्रे आणले, फरशी खराब होऊ नये म्हणून त्यांच्याखाली परात ठेवली आणि बी पेरलं.

"बर्फ वितळला की सांग," तुमचे आजोबा म्हणाले. ते गंजीफ्रॉकवर पंख्याखाली बसले होते. डिसेंबर चालू होता.

आठव्या-नवव्या दिवशी बी उगवलं. मग मी तक्ता केला. तारीख, वेळ, चमचे, सही. रोज सकाळी प्रत्येक कप्प्याला दोन चमचे पाणी. तक्ता खिडकीशेजारी खिळ्याला टांगला आणि दोऱ्याने पेन्सिल बांधली. मला वाटलं, आता काही चुकणार नाही.

आजोबांनी आयुष्यभर कचेरीत काम केलं आहे. मोकळा रकाना दिसला की त्यांचा हात थांबत नाही. मी सकाळी पाणी घालून सही करायची आणि दुपारी खाली त्यांची सही असायची. "चार चमचे. रविवारचे राहिले होते." रविवारी मी घातलं होतं, फक्त सही राहिली होती. कोंबड्यांचं मनाला लागलेलं असल्यामुळे जाऊही येता-जाता पाणी घालायची, पण सही करायची नाही. "सही करायला मी काय नोकरीला आहे, वहिनी?"

आणि पाहुणे. आपल्याकडे आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि भांड्यात उरलेलं पाणी मोरीत न ओतता झाडाला घालायचं, ही तुमच्या पणजीचीच शिस्त. सगळ्या गावाला ती पाठ होती. मी रोपं नेमकी पाहुण्यांच्या बाकाशेजारी ठेवली होती. पोस्टमन, चिकूचा व्यापारी, पत्रिका द्यायला आलेली मंडळी, सगळे दोन घोट घेऊन भांडं अत्यंत पुण्यकर्माच्या भावनेने ट्रेमध्ये रिकामं करत. जास्तीचं पाणी परातीत साठे आणि ट्रे त्यात बसून राहत.

एका सकाळी पहिल्या रांगेने माना टाकल्या. दुसऱ्या दिवशी दुसरीने. दांडे मातीलगत काळे पडून बारीक झाले होते. मी तक्ता पुन्हा तपासला. पाणी चुकलेलं नव्हतं.

तुम्ही ज्यांना मावशी म्हणता, त्या कामाला आल्या. वाकून बघितलं.

"बाई, ही बुडालीत."

"अहो, पण मी मोजून घालते."

"मोजून बुडवलीत मग. आम्ही रोपाला विचारून पाणी देतो."

"रोपाला विचारायचं कसं?"

"मातीत बोट घालायचं. ओलं लागलं तर गप घरी जायचं."

हे मला पटलं. मी तक्त्यावर पाचवा रकाना आखला: बोट घातले का. त्यानंतर सगळे आधी बोट घालू लागले, रकान्यात "होय" लिहू लागले आणि मग पाणी घालू लागले.

याच दिवसांत आपल्याकडे जमीन हलायला लागली. तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. मावशींच्या पाड्यावरची माणसं तर कित्येक दिवसांपासून घराबाहेर झोपत होती. एका दुपारी आम्ही जेवत असताना ताटं वाजली आणि खिडकीवरच्या भिंतीला तडा गेला. आम्हीही अंगणात ताडपत्री बांधून राहायला गेलो. चूल चिकूच्या झाडाखाली मांडली. रोपं आत राहिली.

"पुस्तकात असंच होतं ना बाई?" मावशी म्हणाल्या. "रोपं घरात न् माणसं भायेर?"

मी आजोबांना म्हटलं, "जाऊन ट्रे तरी घेऊन या."

"आधी सही करू की आधी ट्रे उचलू?" ते म्हणाले आणि खरंच उठले. तेवढ्यात पुन्हा हादरा बसला. मी त्यांना हात धरून खाली बसवलं. बी गेलं तर गेलं, असं त्या वेळी मी मनात म्हटलं. सासूबाईंची मनातल्या मनात माफीही मागितली.

सहाव्या दिवशी धीर करून मी आत गेले. तक्ता खिळ्यासकट जमिनीवर पडला होता. त्यावर सहा दिवस एकही सही नव्हती. परात कोरडी होती. मातीत बोट घातलं, तर वरून सुकी आणि खाली जेमतेम ओल. आणि सात रोपं उभी होती, दांडे जाड झालेले, पानं उजेडाकडे वळलेली. आम्ही सगळ्यांनी मिळून जे मारत आणलं होतं, ते आमच्या भीतीने वाचवलं.

तक्ता मी चुलीत घातला. रोपं अंगणात लावली. त्यांना जाळी जावेने स्वतः आणून बांधली.

तर बशीतलं पाणी ओतून टाका आणि बोट घाला. तक्ता करू नका.

सातपैकी पाच झाडं जगली. एका झाडावरचं एक वांगं पिवळं होईपर्यंत ठेवलं. त्यातलं चिमूटभर बी मावशींनी पाड्यावर नेलं. बाकीचं राखेत घोळवून फिल्मच्या डबीत आहे आणि डबी अंगणातल्या पत्र्याच्या पेटीत आहे.