हललं तरच दिसतं

“सर, ही नाटक करते,” सुरतहून आलेला मुलगा आईसमोरच म्हणाला. “अंगणात कोंबडी पळाली की लगेच हाकलते. मी समोर बसलो तर विचारते, ‘कोन शे?’ माझी निघायची वेळ झाली की हिचे डोळे जातात.”

मी ऑप्टोमेट्रिस्ट. शहाद्यात डोळे तपासतो. ब्राह्मणपुरीच्या सुमनबाई खुर्चीत मान खाली घालून बसल्या होत्या. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच.

“मी खोटं नई बोलस, भाऊ,” एवढंच त्या म्हणाल्या.

चार्टवरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना दिसेना. डोळ्यांत औषध घालून रेटिना पाहिला. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूचा पडदा. दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या मधोमध जुना व्रण होता. चेहरा, अक्षर, ताटातली भाकरी, असं बारकाईचं बघणं त्या मधल्या भागाचं काम. तो गेला होता. कडा मात्र शाबूत होत्या.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बोट हलवलं.

“हालनं!” त्या पटकन म्हणाल्या.

बोट थांबवलं.

“गयं.”

मुलाला सांगितलं, पडद्याच्या कडेला बारीक दिसत नाही, पण हालचाल लगेच कळते. काही पेशी तर एकाच दिशेने काही सरकलं तरच जाग्या होतात. उलट दिशेने सरकलं, की शेजारची पेशी त्यांना गप्प करते. म्हणून पळती कोंबडी दिसते. स्वस्थ बसलेला मुलगा दिसत नाही.

“चष्म्याने होईल?”

“नाही.” पुढे रेटिनाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

मुलगा उठून उभा राहिला. मग आईच्या बाजूला जाऊन त्याने हात हलवला. “माय, मी शे.”

“दिसना,” म्हणजे ‘दिसला’, असं म्हणून त्या तो हात धरून बसल्या.

सुट्टी संपल्यावर तो सुरतला गेला. नोकरी होती.

पुढच्या तपासणीला सुमनबाई शेजारणीबरोबर आल्या. मुलगा कसा आहे, विचारलं.

“रोज व्हिडिओ कॉल करस. हात हालावस. मी फोन बाजूले धरस. माले हात दिसस, तोंड नई.”

“मग?”

“मंग काय? मी बी हालावस.”

हल्ली कुणी नातेवाईक ‘पेशंट नाटक करतो’ म्हणाला, की मी आधी बाजूला बोट हलवून बघतो. बहुतेक वेळा पेशंट खरंच सांगत असतो.