ढगाखालची झाडं

शेवटच्या दिवशी सकाळी माझा धाकटा भाऊ कॉम्प्युटरवर खेकसत होता, "अरे सरक की, तुला हीच जागा सापडली का बसायला?" मला वाटलं मांजर आलं. बघते तर ढग. उपग्रहाने वरून काढलेला फोटो, त्यात नेमका खाडीच्या तोंडावर पांढरा गोळा.

कामच ते त्याचं. खारफुटी कुठे वाढली, कुठे तुटली ते फोटोत बघून नकाशा रंगवायचा. घरात त्याला आम्ही ढगोबाच म्हणायचो. त्या तोंडावरच्या तुकड्याला त्याने 'झाडं नाहीत' असं लावलेलं, आणि आता मोकळी जागा म्हणून तिथे धक्का बांधणार होते. मग याच्या लक्षात आलं, तो फोटो भरतीचा होता. झाडं लहान असली की पाण्याखाली जातात, वरून नुसतं पाणी दिसतं. साहेब म्हणायचे, पुरावा दाखव, बदलतो. आणि ओहोटीचा फोटो आला की ढग. याचं हृदय अधू, नाहीतर स्वतःच तिथे बघायला गेला असता.

"ताई, मी चुकलोच असेन तर बरं," म्हणाला.

भावजय आतून म्हणाली, "वन्सं, हे लिहून घ्या हो त्यांच्याकडून! लग्नापासून वाट बघतेय."

खूप हसला. जेवला, आडवा झाला. चहाला हाक मारली तर उठलाच नाही. चेहरा अगदी निवांत.

पुढे त्याच्या ऑफिसातली बाई भेटायला आली. भावजयीने तिला पाणी द्यायच्या आधी विचारलं, "त्या तुकड्याचं काय?"

"अजून ढगच आहे हो."

"मग आपणच जाऊ."

ओहोटी बघून आम्ही तिघी नावेतून गेलो. झाडं होती! गुडघ्याएवढीच, पण दाट. भावजय कपडे खोचून थेट चिखलात. ऑफिसवालीने मोबाईलवर फोटो काढले, म्हणाली, ऑफिसात जाऊन पाठवते. भावजय हलेना. "आत्ता पाठवा, मग येते."

रेंज येईना. ऑफिसवाली नावेत उभी राहून फोन वर धरतेय, नावाडी ओरडतोय, "काकू, पाणी चढतंय!" आणि खरंच, आमच्या डोळ्यांदेखत झाडं शेंड्यापर्यंत बुडाली. नुसतं पाणी.

"बघा वन्सं, ह्यांची काय चूक होती सांगा," भावजय म्हणाली.

"गेले एकदाचे फोटो!" ऑफिसवाली ओरडली. थोड्या वेळाने, "साहेब म्हणतायत, बदलतो."

तेव्हा कुठे आमच्या भावजयबाईंनी चिखलातून हात पुढे केला. आम्ही दोघींनी ओढली. ती आली, एक चप्पल काही आली नाही.